कॉलेजचं नाव: इतर

"कॉलेजच्या ब्रँडमागे धावू नका, स्वतः ब्रँड बना." गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी किमान वीसेक जणांकडून ऐकलं असेल. कॅटच्या तयारीच्या व्हिडिओंत ऐकलं, ऑफिसात कॉफी मशीनपाशी ऐकलं, एकदा तर माझ्या मॅनेजरने वार्षिक मूल्यमापनाच्या मीटिंगमध्ये ऐकवलं. हे सांगणाऱ्यांत मला एक साम्य दिसलं. प्रत्येकाच्या लिंक्डइनवर नावाखालच्या पहिल्याच ओळीत आयआयटी, आयआयएम किंवा दोन्ही होतं. ती ओळ कुणी काढून टाकलेली मी अजून पाहिलेली नाही.

या वाक्याचा मला राग येतो. सल्ला वाईट आहे असं नाही. तो ज्यांना दिला जातो त्यांच्यासाठी तो बनलेलाच नाही, म्हणून राग येतो. आणि तो मुकाट्याने ऐकणारी पोरं बहुतेक वेळा माझ्यासारखी असतात, म्हणजे नंदुरबार, धडगाव, शिरपूर, चोपडा असल्या ठिकाणांहून आलेली.

या उन्हाळ्यात मला दोन ठिकाणी एमबीएला प्रवेश मिळाला. एक आयआयएम मुंबई, दुसरं जमनालाल बजाज. यातून कोणतं घ्यायचं हे ठरवताना नावाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मला अक्षरशः वजनकाट्यावर ठेवावा लागला. त्यावर काय सापडलं ते लिहितोय. पण त्याआधी मी कुठे उभा आहे ते सांगायला हवं, नाहीतर मीही त्या कॉफी मशीनवाल्यांसारखाच व्हायचो.

आप्पा नंदुरबारच्या मार्केट यार्डात मापाडी. आई मिरचीच्या हंगामात पथारीवर देठं खुडायला जायची. नंदुरबारच्या मिरचीबद्दल बातम्यांत लाल गालिच्यांचे ड्रोनने काढलेले फोटो येतात, ते याच पथारींचे. फोटोत खोकला दिसत नाही. मी इंजिनिअर झालो उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून. शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, २०१८ साली, विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. चांगलं झालं, बहिणाबाई आमच्याच. पण पुण्यात इंटरव्ह्यूला गेल्यावर समोरचा पूर्वी "म्हणजे जळगाव का?" विचारायचा आणि नंतरही तेच विचारत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका दुसऱ्या नामांतराकडे यायचंय.

२०१९ मध्ये नोकरी शोधताना एका मोठ्या कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरत होतो. कॉलेजचं नाव टाइप करायची सोय नव्हती, यादीतून निवडायचं होतं. यादी लांबलचक होती. बोट दुखेपर्यंत खाली सरकवली. पुण्याची कॉलेजं, मुंबईची, नागपूरची, सांगलीचंसुद्धा होतं. आमचं नव्हतं. सगळ्यात शेवटी 'इतर' होतं. ते निवडलं. त्या कंपनीकडून आजतागायत उत्तर नाही.

आता हे असं रडगाणं बऱ्याच जणांकडे आहे, त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते पुढचं. तीन वर्षांनी, दुसऱ्या एका कंपनीत, नोकरभरतीच्या अंतर्गत पोर्टलचं काम माझ्या टीमकडे आलं. त्यात एक टेबल होतं: कॉलेजचं नाव आणि समोर एक आकडा. १, २ किंवा ३. एचआरने एक्सेलमधून दिलेलं, कधीतरी कुणीतरी बनवलेलं, कुणी बनवलं ते कुणालाच माहीत नाही असं. हजार अर्ज आले की त्या आकड्याप्रमाणे रांग लागायची आणि माणूस वरचे साठ-सत्तर उघडून बघायचा. माझ्याकडे आलेलं काम साधं होतं. अर्जातलं कॉलेज टेबलात सापडलं नाही तर प्रोग्राम बंद पडत होता. तो पडू नये म्हणून डिफॉल्ट काय ठेवायचं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "३ टाक."

मी ३ टाकलं. चाचणीसाठी काहीतरी नाव द्यायचं म्हणून माझ्याच कॉलेजचं नाव दिलं. व्यवस्थित ३ आलं. गुरुवारी संध्याकाळी कोड वर गेला. बंड वगैरे काही केलं नाही, घराचं भाडं द्यायचं होतं. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी वीस व्हिडिओंनी सांगितली नव्हती. नाव तुमच्या गुणांबद्दल काही सांगतं की नाही, हा वाद फार पुढचा आहे. त्याच्या आधी, तुमचा अर्ज उघडायचा की नाही हे नाव ठरवतं. तिथे माणूसच नसतो, त्यामुळे तुमचा 'स्वतःचा ब्रँड' बघायलाही कुणी नसतं.

यात मी त्या एचआरवाल्यांना राक्षस ठरवत नाही. यार्डात मी हेच लहानपणापासून बघितलंय. गाडी आली की व्यापारी ओल्या मिरचीत कोपरापर्यंत हात घालतो, खालची मिरची वर काढतो, मोडून बघतो, आणि मग बोली लागते. पण हंगामाच्या भरात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली की प्रत्येक गाडीत हात घालणं होत नाही. मग "कोणत्या गावची? कुणाची?" एवढं विचारून भाव निघतो. ज्याचा माल गेल्या वर्षी चांगला निघाला त्याला यंदा फायदा. नव्या माणसाची मिरची कितीही झणझणीत असो, त्याला भाव कमी. आप्पा बाजूला काट्याजवळ उभे राहून हे रोज बघायचे. अर्थशास्त्रात यावर मायकल स्पेन्स नावाच्या माणसाने १९७३ साली एक लेख लिहिला. शिक्षणाने तुमची कुवत एका पैशाने वाढली नाही असं क्षणभर धरलं, तरी मालकाला तुमची कुवत आतून दिसत नसते म्हणून शिक्षण खुणेसारखं काम करतं, असं त्याचं म्हणणं. त्याला २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. आप्पांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "यात नवीन काय?"

तर ब्रँड म्हणजे खूण, इतपत बरेच जण मान्य करतात. त्यापुढे जाऊन म्हणतात, पण हुशार मुलगा कुठेही चमकतो. याचीही मोजणी झालेली आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी अमेरिकेतल्या कॉलेजांची माहिती घेऊन २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं घ्यायची, त्यातली काही नामांकित ठिकाणी गेली आणि काही साध्या ठिकाणी गेली, त्यांचे पुढचे पगार बघायचे. सरासरी मुलाच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. हे वाक्य जगभर उद्धृत होतं, आमच्या कॉफी मशीनपाशीही झालं. त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य मात्र कुणी सांगत नाही. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. पुढे त्याच दोघांनी केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. तो अभ्यास अमेरिकेतला, पदवीच्या कॉलेजांचा. आपल्या बिझनेस स्कूलला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे मला कळतं. पण कारण समजायला फार डोकं लागत नाही. ज्याचा काका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे त्याचा अर्ज टेबलाच्या बाहेरून येतो. त्याला नाव नसलं तरी चालतं. म्हणून तो "नाव नसलं तरी चालतं" असं प्रामाणिकपणे म्हणतो. तो खोटं बोलत नाहीये. त्याला ते टेबल कधी दिसलेलंच नाही.

आणि हे फक्त नोकरीपुरतं नाही. माझा इंजिनिअरिंगचा रूममेट धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, पावरा समाजाचा. त्याच्या मोठ्या भावाला एका साध्या खासगी कॉलेजात एमबीए करायचं होतं. बँकेने तारण मागितलं. तारण म्हणून होती ती आदिवासी खात्याची जमीन. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. कायदा चांगल्यासाठी आहे, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याची राहिलेली जमीनही केव्हाच गेली असती. पण शाखेतला साहेब म्हणाला, "ही जमीन आमच्या काय कामाची?" भावाचं एमबीए तिथेच संपलं. चार वर्षांनी माझ्या मित्राला एका आयआयएममध्ये प्रवेश मिळाला. तेच घर, तीच जमीन, बापाची तीच सही. तारणाचा विषयच निघाला नाही. कारण मोठ्या बँकांकडे संस्थांच्या याद्या असतात. स्टेट बँकेच्या स्कॉलर लोनमध्ये तर संस्थांच्या सरळ श्रेण्याच पाडलेल्या आहेत, आणि वरच्या श्रेणीतल्या संस्थेचं प्रवेशपत्र असेल तर लाखांचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आहे तीही ठरलेल्या नामांकित संस्थांच्या यादीपुरतीच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनासुद्धा रँकिंगमधून निवडलेल्या संस्थांसाठीच आहे. म्हणजे जिथे बापाची जमीन चालली नाही तिथे कॉलेजचं नाव चाललं. त्या मित्राला जाऊन सांगा, ब्रँडमागे धावू नकोस.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा गडी आयआयएमचा झेंडा घेऊन निघालाय. तसं नाही. माझं भांडण दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही आहे, आणि ते लोक संख्येने जास्त आहेत. ही मंडळी 'टॉप' कॉलेजांची उतरंड लावतात. ए, बी, सी, मग एल, मग के, मग आय. अहमदाबाद मिळालं तर बेंगळुरूकडे बघायचं नाही, बेंगळुरू मिळालं तर कलकत्ता सोडायचं. एक पायरी वर चढायला एक वर्ष वाया घालवायचं, पाच-दहा लाख जास्त मोजायचे. या पायऱ्या कुणी बांधल्या, हे विचारायचं नाही.

माझ्या समोर आलेलं उदाहरणच बघा. पवईला विहार तलावाच्या काठावर १९६३ साली भारत सरकारने एक संस्था काढली, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रेनिंग इन इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. कारखान्यात काम कसं वाहतं, माल कुठे अडतो, वेळ कुठे जातो, हे शिकवणारी. लोक तिला निटी म्हणायचे. साठ वर्षं उत्तम चाललेली. कारखाने, गोदामं, पुरवठा-साखळी सांभाळणाऱ्यांना ती चांगली माहीत होती. तिची मुलं 'मंडी' नावाच्या उपक्रमात मुंबईच्या रस्त्यावर उभं राहून शैक्षणिक खेळणी विकायची. यार्डात वाढलेल्या मला सगळ्या बिझनेस स्कूलच्या सगळ्या उपक्रमांत हाच एक खरा वाटतो. पण नातेवाइकांत निटी सांगितलं की लोक एनआयटी समजायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने आयआयएम कायद्यात दुरुस्ती केली आणि निटीची आयआयएम मुंबई झाली. तलाव तोच, वर्ग तेच, शिकवणारे तेच. पाटी बदलली, आणि फीसुद्धा चढली. आता दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे.

बहिणाबाईंचं नाव लागून जळगावच्या पदवीची किंमत हलली नाही. आयआयएम हे नाव लागून पवईच्या पदवीची हलली. दोन्ही ठिकाणी शिक्षणात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं. म्हणजे ज्याला आपण प्रतिष्ठा म्हणतो तिचा बराचसा भाग कागदावरच्या तीन अक्षरांचा आहे, तलावाचा किंवा वर्गाचा नाही. आणखी एक गंमत. २०१७ चा कायदा येईपर्यंत अहमदाबाद-कलकत्त्याच्या आयआयएम पदवी देतच नव्हत्या, पदव्युत्तर डिप्लोमा द्यायच्या. १९६१ पासून देशातले सगळ्यात महागडे मॅनेजर डिप्लोमाधारक होते. आमच्याकडे डिप्लोमा म्हणजे दहावीनंतर पॉलिटेक्निक. नंदुरबारमध्ये एखाद्याने मुलीकडच्यांना "मुलाने डिप्लोमा केलाय" असं सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती.

सरकारी रँकिंगचं तरी काय? एनआयआरएफमध्ये मॅनेजमेंट संस्थांना जे शंभर गुण असतात त्यातले दहा 'पर्सेप्शन'चे. म्हणजे नोकरी देणाऱ्यांना आणि प्राध्यापकांना विचारायचं, तुम्हाला कोणती संस्था चांगली वाटते? त्यांना ती चांगली वाटते कारण ती वरच्या रँकला आहे. ती वरच्या रँकला आहे कारण त्यांना ती चांगली वाटते. आमच्या क्षेत्रात असा कोड कुणी लिहिला तर त्याला रिव्ह्यूमध्येच परत पाठवतात. आणि तीस गुण संशोधनाचे. प्राध्यापकांचे शोधनिबंध चांगली गोष्ट आहे, पण दोन वर्षांसाठी येणाऱ्या मुलाने त्यावरून कॉलेज निवडावं, हे म्हणजे कृषी विद्यापीठाचे निबंध मोजून खानावळ निवडण्यासारखं झालं.

आता बजाज. चर्चगेटला, मुंबई विद्यापीठाची संस्था, १९६५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालेली. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. दोन वर्षांची फी सात लाखांच्या आत. विस्तीर्ण कॅम्पस नाही, एनआयआरएफच्या यादीत फार वर दिसत नाही. आणि तरी मुंबईतल्या बँका, साबण-बिस्किटवाल्या कंपन्या यांच्यात तिचं वजन जुनं आहे. तिला 'सीईओ फॅक्टरी' म्हणतात. उदय कोटक, अजय पिरामल, हरीश मनवानी, नितीन परांजपे ही तिथली मुलं. या यादीकडे मी थोडा वेळ बघत बसलो. कोटक कापूस व्यापाऱ्यांच्या घरातले, पिरामल कापड गिरणीवाल्यांच्या. ही माणसं बजाजला गेली नसती तर काय मापाडी झाली असती? कारखान्याची स्तुती करताना कच्चा माल कुठून आला तेही सांगावं. हा आक्षेप बजाजवर नाही. प्रत्येक नामांकित संस्थेची माजी विद्यार्थ्यांची यादी अशीच वाचायला हवी.

दिल्लीचं एफएमएस आणखी टोकाचं उदाहरण. विद्यापीठाचा विभाग, दोन वर्षांची फी दोन-अडीच लाखांच्या आसपास, आणि नोकरी देणाऱ्यांच्या लेखी जुन्या आयआयएमच्या पंगतीत. नाव आणि किंमत एकमेकांना बांधलेली असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एफएमएसकडे बघावं.

मग मी त्या टेबलाकडे परत गेलो. मनातल्या मनात, कारण ती कंपनी आता सोडलीय. त्या टेबलात एमबीएची कॉलेजंही होती. अहमदाबादसमोर १ होता. कलकत्त्यासमोर १. एक्सएलआरआय, एफएमएस, बजाज, आणि तेव्हा अजून निटीच असलेली निटी, सगळ्यांसमोर १. टेबलाला ए, बी, सी कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की अर्ज उघडायचा की नाही. एक कंपनी म्हणजे जग नव्हे, मान्य. परदेशी कन्सल्टिंगची मोजकी दुकानं अशी आहेत जी दोन-तीन कॅम्पसपलीकडे जात नाहीत, आणि ज्याला तिथेच जायचंय त्याला अहमदाबाद आणि बाकीचे यांतला फरक खरा आहे. पण बाकीच्यांसाठी माझं म्हणणं असं: नावासाठी पैसे मोजा, पण ३ चा १ होईपर्यंतच. १ झाल्यावर पुढच्या प्रत्येक पायरीला तुम्ही जे मोजता ते कुणाला दाखवण्यासाठी, हे स्वतःला विचारा. आणि उत्तर 'लोकांना' असं आलं तर तेही खरंखरं मान्य करा.

हे सगळं एका संध्याकाळी मी कागदावर मांडलं. २० लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे २६ हजार ४००. सात लाखांचं असेल तर सुमारे ९ हजार २५०. शिवाय साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारच्या हमी योजनेमुळे तारण लागत नाही, म्हणजे बजाजसाठी मला नावाचीही गरज नाही. आयआयएम मुंबईलाही तारण लागलं नसतं, पण हप्ता लागला असता. मला मुंबईतच वित्त क्षेत्रात जायचंय, कारखान्यात नाही. कागद स्वच्छ होता. मी घरी फोन केला.

आणि इथे माझं सगळं तर्कशास्त्र अडकलं, कारण एक वाचक मी धरलाच नव्हता.

आप्पांना आयआयएम माहीत होतं. कुठून माहीत झालं कोण जाणे, पण यार्डात चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी जावयाचा भाऊ आयआयएमला असल्याचं त्यांनी ऐकलं होतं. बजाजचं नाव सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता झाली. मग म्हणाले, "बजाज? हाई ते फटफटीवालानं नाव शे ना?" मी जमनालाल बजाज कोण ते सांगितलं, वर्धा, गांधीजींनी मुलगा मानलेले, वगैरे. ते ऐकत होते. मग मराठीत आले. आप्पा गंभीर झाले की मराठीत येतात. "पण लोकांना सांगायचं काय?"

मी चिडलो. लोकांचं काय आप्पा, दर महिन्याला सतरा हजारांचा फरक आहे. ते काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मला यार्ड आठवलं. तीस वर्षं त्या माणसाला कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. "ए मापाडी, इकडे ये." "मापाडीला बोलव." व्यापाऱ्याला शेठ, शेतकऱ्याला पाटील, आणि यांना मापाडी. काट्यावर दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचं वजन केलं, स्वतःचं कुणी केलं नाही. पोराच्या कॉलेजचं नाव हा त्यांच्यासाठी 'पर्सेप्शन'चा दहा टक्के भाग नव्हता, ती तीस वर्षांची उधारी होती. नावाचा हव्यास म्हणजे पोकळ मिरवणं, हे मला वरच्या अंगाने बोलणाऱ्यांचं वाक्य मी स्वतःच आप्पांना ऐकवलं होतं. माझ्यात आणि कॉफी मशीनवाल्यांत फरक उरला नव्हता.

तरी मी बजाजच घेतलं. सतरा हजार हे सतरा हजार असतात, आणि घरी बहिणीचं बी.एड. व्हायचंय. आप्पांना दुखवून घेतलं, हे माहीत असून घेतलं. कुणी म्हणेल उधारी फेडायला हवी होती. फेडली असती तर ती त्यांच्याच म्हातारपणातून फेडली असती.

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा आप्पा मला घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले. आमच्याकडे पोलीस भरतीत निवड झाली, तलाठी झाला, दहावीला नव्वद टक्के पडले, की चौकात फ्लेक्स लागतो. दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवर बसलेला. माझा फोटो त्याने आधीच टाकला होता, मागे मुंबईचा समुद्र आणि वर, का कोण जाणे, दोन कबुतरं. "कोर्सचं नाव काय टाकू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, एमएमएस. तो हसला, मग आप्पांकडे बघून गप्प झाला. "दादा, हे नको. लोक वेगळंच समजतील." मी म्हणालो, मास्टर इन मॅनेजमेंट स्टडीज असं पूर्ण लिही. ते एका ओळीत मावेना. बजाज लिहिलं तर खाली गाडीचं चित्र टाकू का, असं त्याने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

आप्पा स्क्रीनकडे बघत उभे होते. मग त्यांनी बोटाने दाखवलं, "इथं 'मुंबई विद्यापीठ' टाक. मोठं टाक." पोराने टाकलं. "अजून मोठं." त्याने अक्षरं ओढत ओढत कबुतरांपर्यंत नेली. खाली जागा राहिली तिथे शुभेच्छुकांची नावं आली, यार्डातल्या सगळ्या मापाड्यांची, पूर्ण नावं, आडनावांसकट. ती आप्पांनी घरून लिहून आणली होती.